पंख्याचा आवाज

“हा धापा टाकतोय रे,” काका म्हणाले, आणि टेबलाखालच्या डब्याकडे बोट केलं. या डब्याला आपण सगळे सीपीयू म्हणतो. तो सीपीयू नसतो, सीपीयू म्हणजे आतली काडेपेटीएवढी चिप. पण ही लढाई मराठी माणूस केव्हाच हरला आहे आणि मीही ती पुन्हा लढणार नाही.

आमची सोसायटी विश्रांतवाडीत, आळंदी रस्त्यापासून दोन गल्ल्या आत. काका गेली दहा वर्षं सेक्रेटरी. मेंटेनन्सचा हिशेब, टँकरची बिलं, पार्किंगच्या भांडणांचा पत्रव्यवहार, सगळं त्यांच्या असेंबल्ड कॉम्प्युटरवर. त्या दिवशी त्यांना माउलींच्या पालखीत वारकऱ्यांना चहा-नाश्ता द्यायच्या वर्गणीची नोटीस छापायची होती. पेनड्राइव्ह घेऊन ते चौकातल्या झेरॉक्सच्या दुकानात गेले, नोटिशी घेऊन आले, आणि घरी परत पेनड्राइव्ह लावला तर सगळ्या फोल्डरच्या कोपऱ्यात एक छोटा बाण उगवलेला. म्हणजे तक्रारी दोन: पेनड्राइव्हवरचे बाण, आणि कुणी हात लावत नसतानाही गरगरणारा पंखा. काकांच्या मते पहिलीमुळे दुसरी. तसं नव्हतं, पण ते पुढे.

पंखा खरंच जोरात होता. मी कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप एकदम दाबून टास्क मॅनेजर उघडला. या यादीत कुठला प्रोग्राम किती खातोय ते दिसतं. सीपीयूचा आकडा क्षणभर वर गेला आणि पाच-सहा टक्क्यांवर येऊन बसला. सगळं शांत. पंखाही हळूहळू निवला. “बघितलंस? तू आलास की नीट चालतो,” काका म्हणाले. डॉक्टरकडे गेल्यावर दात दुखायचा थांबतो, तसं.

मी टास्क मॅनेजर बंद केला आणि चहा घेत बसलो. अर्ध्या मिनिटात पंखा परत सुरू. पुन्हा उघडला, पुन्हा गप्प. तेवढ्यात लोहगावच्या धावपट्टीवरून सुखोई उडालं आणि दोन मिनिटं पंखाच काय, समोरच्या माणसाचं बोलणंही ऐकू येईना. विश्रांतवाडीत कानाने तपास करायचा तर विमानांचं वेळापत्रक सांभाळावं लागतं. आवाज विरल्यावर मी तिसऱ्यांदा तेच केलं, आणि खात्री पटली. आत कुणीतरी होतं, आणि आपण दार उघडून बघतोय हे त्याला कळत होतं.

या जातीच्या मालवेअरला मायनर म्हणतात. तो तुमचं काही चोरत नाही, निदान चोरणं हा त्याचा मुख्य धंदा नसतो. तुमची वीज आणि तुमचा प्रोसेसर वापरून तो कुणा परक्यासाठी क्रिप्टो चलनाची गणितं सोडवत बसतो. त्यातले बरेच जण टास्क मॅनेजर उघडला गेला की काम थांबवतात आणि खिडकी बंद झाली की पुन्हा जोमाने लागतात. टास्क मॅनेजर खोटं बोलत नव्हता. त्याला विचारलं त्या क्षणी खरोखरच काही चालू नव्हतं.

लपलेल्या मालवेअरच्या बाबतीत लोक इथेच फसतात. कॉम्प्युटरमध्ये चोर आहे का, हे आपण कॉम्प्युटरलाच विचारतो, आणि उत्तर द्यायच्या खिडकीत चोरच बसलेला असतो.

ही युक्ती पीसीवरच्या व्हायरसइतकीच जुनी आहे. १९८६ साली लाहोरच्या बासित आणि अमजद फारूक अल्वी या भावांनी लिहिलेला ‘ब्रेन’ हा आयबीएम पीसीवरचा पहिला व्हायरस मानला जातो. तो फ्लॉपीच्या बूट सेक्टरमध्ये, म्हणजे मशीन सुरू होताना सगळ्यात आधी वाचल्या जाणाऱ्या तुकड्यात, जाऊन बसायचा आणि तिथला मूळ मजकूर दुसरीकडे हलवून ठेवायचा. कुणी तो तुकडा तपासायला मागितला की ब्रेन मध्ये पडायचा आणि बाजूला ठेवलेला मूळ, निर्दोष मजकूर पुढे करायचा. तपासणारा म्हणायचा, सगळं ठीक आहे. गंमत म्हणजे एवढं लपणाऱ्या या व्हायरसच्या पोटात त्या भावांच्या दुकानाचा पत्ता आणि फोन नंबर लिहिलेले होते. पंचवीस वर्षांनी, २०११ मध्ये, फिनलंडचे व्हायरसतज्ज्ञ मिको हिप्पोनेन त्याच पत्त्यावर गेले, तर भाऊ तिथेच धंदा करत होते.

यावर तेव्हाच्या मेकॅनिक मंडळींनी शोधलेला उपाय साधा होता. खात्रीची एक डॉसची फ्लॉपी कपाटात ठेवायची. सव्वापाच इंची फ्लॉपीच्या कडेला एक खाच असायची. तिच्यावर चिकटपट्टी लावली की त्या फ्लॉपीवर कुणालाच काही लिहिता येत नसे, व्हायरसलासुद्धा नाही. आजारी मशीन बंद करायचं, ही फ्लॉपी घालून सुरू करायचं, आणि मग हार्ड डिस्क तपासायची. चोर झोपेत असताना घराची झडती. तेव्हा त्याला खिडकीत बसून उत्तरं देता येत नाहीत.

पुण्यात या मेकॅनिकी शहाणपणातून एक कंपनी उभी राहिली. साताऱ्याजवळच्या रहिमतपूरचे कैलास काटकर दहावीनंतर कॅल्क्युलेटर दुरुस्तीच्या कामाला लागले आणि पुढे त्यांनी मंगळवार पेठेत स्वतःचं दुरुस्तीचं दुकान काढलं. कॅल्क्युलेटरपाठोपाठ कॉम्प्युटर दुरुस्तीला येऊ लागले, आणि पाहावं तर हार्डवेअर ठणठणीत, दुखणं व्हायरसचं. धाकटा भाऊ संजय मॉडर्न कॉलेजात कॉम्प्युटर शिकत होता. त्याने फ्लॉप्यांवरून पसरणारे हे व्हायरस साफ करणारे छोटे प्रोग्राम लिहायला घेतले. त्यातून १९९५ मध्ये ‘क्विक हील’ बाजारात आला. २०१६ मध्ये कंपनी शेअर बाजारात गेली. तिचं मुख्यालय विमाननगरात आहे, म्हणजे काकांच्या गॅलरीतून विमानतळाच्या दिशेला तोंड केलं की त्याच अंगाला. त्या दुकानात व्हायरस हा आधी दुरुस्तीचा विषय होता, संशोधनाचा नंतर झाला. गिऱ्हाईक समोर उभं आहे, मशीन संध्याकाळपर्यंत द्यायचं आहे, अशा घाईतून आलेलं ते ज्ञान.

विचारणाऱ्याच्या आणि उत्तराच्या मध्ये शिरायची कला पुढे फारच सुधारली. २००५ च्या ऑक्टोबरमध्ये मार्क रुसिनोविच या अमेरिकी प्रोग्रामरला स्वतःच्याच कॉम्प्युटरमध्ये अशी एक घुसखोरी सापडली. ती आली होती सोनी बीएमजी कंपनीच्या, रीतसर विकत घेतलेल्या गाण्यांच्या सीडीतून. कॉपी करता येऊ नये म्हणून सीडीने विंडोजच्या गाभ्यात एक प्रोग्राम बसवला होता, आणि ज्या फाइलचं नाव डॉलरचं चिन्ह, सिस, पुन्हा डॉलरचं चिन्ह असं सुरू होईल ती कुणालाच दिसू द्यायची नाही, असा त्याचा नियम होता. लवकरच खऱ्या चोरांनीही आपल्या फाइलींना हेच नाव द्यायला सुरुवात केली, कारण लपायची खोली सोनीने आयती बांधून दिलेली. पुढच्याच महिन्यात कंपनीला त्या सीड्या परत मागवाव्या लागल्या. विंडोजच्या गाभ्यात शिरून असं लपणाऱ्या प्रोग्रामला रूटकिट म्हणतात.

रुसिनोविचला तो सापडला कसा? त्याच्या प्रोग्रामने डिस्कवरच्या फाइलींची यादी दोनदा काढली. एकदा विंडोजला विचारून, आणि एकदा विंडोजला बाजूला ठेवून थेट डिस्क वाचून. दोन याद्यांत जो फरक आला, तोच चोर.

पुण्याने या मध्ये शिरण्याच्या युक्तीची मोठी किंमत मोजली आहे. ११ ऑगस्ट २०१८, शनिवार. कॉसमॉस बँकेच्या नावाने निघालेल्या बनावट कार्डांवर २८ देशांतल्या एटीएममधून पैसे काढले जात होते. एरवी प्रत्येक मागणी बँकेच्या स्विचकडे येते आणि खात्यात पैसे असतील तरच तो ‘द्या’ म्हणतो. हल्लेखोरांनी मालवेअर घुसवून मध्ये एक खोटा स्विच उभा केला होता, आणि तो प्रत्येक मागणीला ‘द्या’ म्हणत होता. बँकेच्या खऱ्या यंत्रणेपर्यंत प्रश्नच पोचत नव्हता. १३ तारखेला स्विफ्ट या बँकांच्या आंतरराष्ट्रीय जाळ्यामार्गे हाँगकाँगच्या एका खात्यात आणखी रक्कम गेली. एकूण ९४ कोटी ४२ लाख. २०२३ च्या एप्रिलमध्ये पुण्याच्या न्यायालयाने ११ जणांना शिक्षा सुनावली.

काकांच्या खोलीत परत येऊ.

पहिलं काम म्हणजे इंटरनेटची केबल काढली. दोन फायदे झाले. आत जे कुणी होतं त्याला मालकाशी बोलता येईना. आणि काही मिनिटांतच, टास्क मॅनेजर उघडला नसतानाही, पंखा शांत झाला. मायनरला काम बाहेरून मिळतं. काम नाही, म्हणून घाम नाही. कॉम्प्युटरला काहीही न विचारता मिळालेला हा पुरावा मला सगळ्यात विश्वासाचा वाटतो.

मग दुसऱ्या, चांगल्या कॉम्प्युटरवरून ‘ऑटोरन्स’ नावाचा प्रोग्राम आणला. तो याच रुसिनोविचच्या सिसइंटर्नल्स या संचातला. २००६ मध्ये मायक्रोसॉफ्टने त्याची कंपनीच विकत घेतली, त्यामुळे आता तो मायक्रोसॉफ्टच्याच साइटवर फुकट मिळतो. दुसऱ्या कुठल्या साइटवरून घेऊ नका. व्हायरस काढायचं हत्यार म्हणून व्हायरसच घरी आणलेली माणसं मी पाहिली आहेत.

ऑटोरन्स चालू प्रोग्रामांकडे बघत नाही. मशीन सुरू होताना, लॉगिन करताना किंवा ठरावीक वेळी आपोआप काय काय उठायचं आहे, त्याची यादी तो काढतो. झोपेचं सोंग घेतलेला चोर दिसत नाही, पण त्याने उशाशी लावलेला गजर दिसतो. कॉम्प्युटर बंद करून सुरू केल्यावर परत उठायचं तर मालवेअरला कुठेतरी गजर लावावाच लागतो: रजिस्ट्रीत, सर्व्हिसमध्ये किंवा टास्क शेड्यूलरमध्ये. यादी भलतीच लांब येते आणि नवखा माणूस घाबरतो. पर्यायांत जाऊन मायक्रोसॉफ्टच्या नोंदी लपवायला सांगा आणि डिजिटल सह्या तपासायला सांगा, की शेकड्यांच्या जागी वीस-पंचवीस उरतात. सही नसलेल्या ओळी गुलाबी दिसतात. गुलाबी म्हणजे चोर असं मात्र नाही. काकांच्या जुन्या प्रिंटरचा निरुपद्रवी प्रोग्रामही गुलाबीच होता.

त्याच्या खाली ती नोंद होती. नाव एका नावाजलेल्या ब्राउझरच्या अपडेटचं. ब्राउझर काकांकडे होताच, त्यामुळे नावात खटकण्यासारखं काही नाही. पण ब्राउझरचा प्रोग्राम सहसा असतो प्रोग्राम फाइल्समध्ये, आणि हा बसला होता प्रोग्रामडेटा या एरवी दडलेल्या फोल्डरमध्ये. आणि एवढ्या मोठ्या कंपनीच्या अपडेटवर कंपनीची सही नाही? नाव कुणालाही घेता येतं. पत्ता आणि सही बघायची. टास्क मॅनेजरमध्ये ‘एसव्हीसीहोस्ट’ हे नाव पंचवीसदा दिसून दचकणाऱ्यांनाही हेच सांगणं आहे. तो विंडोजचा स्वतःचा प्रोग्राम आहे आणि अनेकदा दिसणं हेच त्याचं काम. तो विंडोजच्या सिस्टिम ३२ फोल्डरमधून चालत असेल तर झोपा. डाउनलोड्समधून चालत असेल तर उठा.

यावर काकांचा प्रश्न रास्त होता. “मग तो डिफेंडर काय करत होता?”

विंडोजबरोबर येणारा डिफेंडर आता चांगला आहे. घरच्या वापराला मी त्यावर वेगळं काही चढवत नाही, आणि दोन अँटिव्हायरस एकत्र तर कधीच नाही, ते एकमेकांच्याच तंगड्यात अडकतात. पण त्याच्या सेटिंगमध्ये ‘एक्सक्लुजन्स’ म्हणून एक जागा आहे. तिथे लिहिलेल्या फोल्डरकडे त्याने ढुंकूनही बघायचं नसतं. काकांच्या मशीनवर तिथे अख्खा सी ड्राइव्ह लिहिलेला होता. वॉचमन गेटवर होता, फक्त त्याला सोसायटीकडे पाठ करून बसवलं होतं. तुम्ही दुसरं काही करणार नसाल तर एवढी एक जागा आजच उघडून बघा. घरच्या कॉम्प्युटरवर ती बहुधा रिकामीच असायला हवी.

हे कुणी केलं? फाइलची तारीख पाहिली. त्याच दिवशी, त्याच तासात, डाउनलोड्समध्ये ऑफिस फुकटात चालू करून देणारा एक ॲक्टिव्हेटर उतरवलेला. “तो मुलगा विंडोज टाकून गेला तेव्हाच त्याने वर्ड-एक्सेल टाकून दिलं. सगळं मिळून पाचशे,” काका म्हणाले. तो मुलगा चोर होता असं मला वाटत नाही. त्यालाही तो ॲक्टिव्हेटर कुणाकडून तरी मिळाला असणार, सोबत सूचना असणार की आधी अँटिव्हायरस बंद करा, नाहीतर चालणार नाही. क्रॅक केलेलं सॉफ्टवेअर टाकताना आपण स्वतःच्या हाताने वॉचमनला घरी पाठवतो आणि दाराला दगड लावून ते उघडं ठेवतो. डीटीपीच्या दुकानांत हे वर्षानुवर्षं चालत आलंय. तिथे ‘अँटिव्हायरस बंद कर, फाँट चालत नाहीत’ हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलंय की आता नवल वाटत नाही.

काढण्याला क्रम आहे. फाइल आधी उडवली तर गजर शिल्लक राहतो; शिवाय काही मालवेअर जोडीने राहतात, एकाला मारलं की दुसरा त्याला उठवतो. म्हणून आधी ऑटोरन्समध्ये त्या नोंदीसमोरची खूण काढली. मग एक्सक्लुजन रिकामं केलं. मग केबल लावून डिफेंडर अद्ययावत केला, आणि शेवटी त्याच्या स्कॅनच्या पर्यायांतला ‘ऑफलाइन स्कॅन’ चालवला. त्यात मशीन बंद होऊन वेगळ्याच छोट्या विंडोजमध्ये सुरू होतं आणि नेहमीची विंडोज झोपेत असताना तपासणी होते, साधारण १५ मिनिटं. जुन्या चिकटपट्टीवाल्या फ्लॉपीचीच ही नात. त्यात तो मायनर, त्याचा जोडीदार आणि ॲक्टिव्हेटर असे तिघे निघाले. सरकारच्या ‘सायबर स्वच्छता केंद्रा’च्या साइटवरही २०१७ पासून सफाईची फुकट साधनं मिळतात, दुसरं मत घ्यायला ती बरी.

“फॉरमॅटच मारून टाक ना,” हे वाक्य मध्ये तीनदा आलं. फॉरमॅट मारायला माझा तात्त्विक विरोध नाही. रूटकिट निघालं, किंवा ज्या कॉम्प्युटरवर धंद्याचे बँकव्यवहार चालतात त्यात काही सापडलं, तर मीही साफसफाईच्या भानगडीत न पडता फॉरमॅटच सांगेन. पण फॉरमॅटनंतर पुन्हा तोच ॲक्टिव्हेटर टाकला जाणार असेल, तर फॉरमॅट म्हणजे गळक्या टाकीखालची फरशी पुसणं. काकांनी त्या संध्याकाळी फुकटचं लिब्रेऑफिस लावून घेतलं. कुरकुर केली, पण टँकरची बिलं त्यातही उघडली.

मशीन साफ झालं म्हणजे काम संपत नाही, आणि लोक इथे थांबतात. मायनर एकटाच होता असं गृहीत धरता येत नाही. ज्या दाराने तो आला त्याच दाराने पासवर्ड उचलणारा आला आणि काम करून निघूनही गेला असेल. ब्राउझरमध्ये साठवलेले पासवर्ड उचलायला त्यांना काही सेकंद पुरतात. म्हणून ई-मेल आणि बँक, या क्रमाने, पासवर्ड बदलायचे, आणि तेही मोबाइलवरून. ई-मेल आधी, कारण बाकी सगळ्यांच्या किल्ल्या तिथून नव्या करून मिळतात. ‘सर्व उपकरणांवरून लॉगआउट’ हेही दाबायचं, कारण चोराकडे पासवर्ड नसला तरी उघडं राहिलेलं सत्र असू शकतं. खात्यातून खरंच पैसे गेले असतील तर आधी १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन, सफाई नंतर.

राहिला पेनड्राइव्ह. बाण असलेले ते फोल्डर म्हणजे फोल्डर नव्हतेच, शॉर्टकट होते. एकावर उजवं क्लिक करून प्रॉपर्टीजमध्ये पाहिलं तर पत्त्याच्या जागी एक लांबलचक आज्ञा: आधी एक दडलेली स्क्रिप्ट चालव, मग खरा फोल्डर उघड. दुसऱ्या भागामुळे कुणाला संशय येत नाही. क्लिक केलं, फोल्डर उघडला, काम झालं. पूर्वी एवढ्या नाटकाची गरज नव्हती, पेनड्राइव्ह लावला की त्यावरचा प्रोग्राम आपोआप सुरू व्हायचा. विंडोज ७ पासून पेनड्राइव्हसाठी ती सोय बंद झाली, २०११ मध्ये जुन्या विंडोजनाही तसं अपडेट मिळालं, आणि तेव्हापासून पेनड्राइव्हवरून पसरणाऱ्या या किड्यांना तुमच्या डबलक्लिकची भीक मागावी लागते.

खऱ्या फाइली कुठेही गेलेल्या नसतात. घाबरून पेनड्राइव्ह फॉरमॅट करू नका, तिथे खरं नुकसान होतं. किड्याने त्यांना ‘लपलेली’ आणि ‘सिस्टिमची’ असे दोन शिक्के मारलेले असतात. ‘लपलेल्या फाइली दाखव’ म्हटलं तरी त्या दिसत नाहीत, सिस्टिमच्या फाइली लपवण्याची वेगळी खूणही काढावी लागते. ती काढल्यावर पालखीची नोटीस, २०१९ पासूनचे हिशेब आणि नातवाच्या मुंजीचे फोटो, सगळं फिकट रंगात उगवलं. काकांचा जीव भांड्यात पडला. प्रॉपर्टीजमध्ये ‘लपलेली’चा चौकोन मात्र राखाडी असतो, खूण निघत नाही, त्यासाठी कमांड प्रॉम्प्टमध्ये ‘ॲट्रिब’ या आज्ञेला वजा एच, वजा एस असं सांगून दोन्ही शिक्के पुसावे लागतात. मग शॉर्टकट आणि ती स्क्रिप्ट उडवली.

दुसऱ्या दिवशी मी झेरॉक्सच्या दुकानात गेलो. दुकानदाराकडे फुलेनगरच्या आरटीओची कागदपत्रं काढणाऱ्यांची रांग होती आणि प्रत्येकाच्या हातात एकेक पेनड्राइव्ह किंवा मोबाइल. त्याला शांतपणे सांगितलं की तुमच्या मशीनमध्ये किडा आहे.

“आमच्याकडं व्हायरस नाही साहेब,” तो मान वर न करता म्हणाला. “दिवसाला शंभर पेनड्राइव्ह लागतात हितं. आजवर कुणाचीच तक्रार नाही.”

मागच्या माणसाने पेनड्राइव्ह पुढे केला. दुकानदाराने तो लावला, आणि बाण असलेल्या फोल्डरवर सराईतपणे दोनदा टिचकी मारली. फोल्डर उघडला.